त्याच अंतरावरून, त्याच उजेडात

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या फोटोच्या खोलीत एकाच पाठीचे दोन फोटो काढले गेले. पहिला अकरा वर्षं वापरात असलेल्या कॅमेऱ्याने, दुसरा नव्या कॅमेऱ्याने, जो एक विक्रेता दोन दिवसांसाठी ठेवून गेला होता. पाठ एका पोहण्याच्या शिक्षकाची होती. वय चोपन्न. फोटो काढणारी त्याची धाकटी बहीण.

दोन्ही फोटोंत उजव्या खांद्याच्या फऱ्यावरचा एक तीळ होता. पहिल्या फोटोत तो गेली चार वर्षं दिसत होता तसाच दिसत होता. दुसऱ्यात तसा दिसत नव्हता.

बहीण त्वचाविभागाची फोटोग्राफर. रुग्णालयात तिला सगळे पट्टीबाई म्हणत, कारण कुठल्याही डागाशेजारी मोजायची कागदी पट्टी चिकटवल्याशिवाय ती बटणाला बोट लावत नसे. मोठ्या डॉक्टरसुद्धा घाईत असल्या की तोंडावर पट्टीबाईच म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. लोकांच्या अंगावरच्या तिळांचे दर तीन महिन्यांनी फोटो काढायचे, म्हणजे कुठला वाढतोय आणि कुठला गप्प बसलाय ते डॉक्टरांना कळेल. गप्प बसलेले तीळ बहुसंख्य. क्वचित एखादा वाढायचा, आणि सगळा खटाटोप त्या एखाद्यासाठी.

खोलीचे नियम तिच्या आधीच्या माणसाने घालून दिले होते. तो म्हातारा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्याने जमिनीवर मारलेली लाल चिकटपट्टी अजून तिथेच होती. तिच्यावर स्टूलचे पाय. कॅमेऱ्यापासून कातडीपर्यंत साठ सेंटिमीटरची लाकडी काठी, टोकाला रबरी बूच. दोन दिवे, दोन ठरलेल्या कोनांत. लेन्सची कडी फिरू नये म्हणून तीही चिकटपट्टीने बांधलेली. कॅमेऱ्यावरच्या चकत्या एका आकड्यावर आणलेल्या आणि त्यांना हात लावायची सक्त मनाई. जाताना म्हातारा तिला म्हणाला होता, "पोरी, आपण फोटोग्राफर नाही, साक्षीदार. साक्षीदाराने मध्येच चष्मा बदलायचा नसतो. समोरचं बदललं की नाही हे कळायचं असेल तर आपल्याकडचं काही बदलून चालत नाही."

हे तिने दगडावरची रेघ मानलं होतं.

कॅमेरा सुरुवातीच्या श्रेणीतला. हौशी लोक पहिल्यांदा घेतात तसला, डब्यात लेन्ससकट मिळणारा. रुग्णालयाने तो घेतला तेव्हा स्वस्तात मिळाला म्हणूनच घेतला. पकडीवरचं रबर सुटून दोनदा चिकटवून झालं होतं, मागच्या पडद्यावर ओरखडे होते, आणि बॅटरीचं झाकण एका केसाच्या पिनेवर तग धरून होतं. दरवर्षी भांडारातून एक कागद येई: उपकरण बदलणे आवश्यक, किंवा आवश्यक नाही. खाली कारणासाठी दोन ओळी. गेली दोन वर्षं तिने "आवश्यक नाही"पुढे खूण करून खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सध्याचा कॅमेरा समाधानकारक आहे. बदलल्यास तुलनेत खंड पडेल.

यंदा भांडारपालाने कागदाबरोबर विक्रेत्यालाच पाठवलं.

"अहो पट्टीबाई, लोक भांडून नवी वस्तू मागतात," भांडारपाल फोनवर म्हणाला होता. "तुम्ही एकट्या अशा की देतो म्हटलं तरी नको म्हणता. पंखा मागणाऱ्यांची रांग लागलीये माझ्या दारात."

"मग द्या त्यांना पंखे."

"कॅमेऱ्याचे पैसे पंख्याला लागत नाहीत, हेच तर दुखणं आहे. बघा तरी. उद्या दुपारी चारला फाइल बंद होतेय. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका."

विक्रेता बुधवारी आला. तरुण नव्हता, गप्पिष्टही नव्हता, आणि म्हणूनच तिने त्याला बसू दिलं. त्याने जुना कॅमेरा हातात घेतला, पिन पाहिली आणि खाली ठेवला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या कामाला याच्यापेक्षा भारी काही लागतच नाही, असं मीही म्हणेन. उजेड तुमच्या हातात, माणूस हलत नाही. फक्त एक सांगतो. अंधाऱ्या भागात हा आंधळा आहे. काळ्याच्या आतलं काळं याला दिसत नाही. नव्याला दिसतं."

"मला काळ्याच्या आतलं काळं नकोय. कालच्यासारखं आज हवंय."

"दोन दिवस ठेवतो. एकाच माणसाचे दोन्हींनी काढून बघा."

एकाच माणसाला दोनदा बसवायचं म्हणजे तो घरचाच हवा, परक्याला उगीच का छळा. दादाची तारीख गुरुवारीच होती.

दादा आला तो नेहमीप्रमाणे वहिनीला घेऊन. खरं तर वहिनी त्याला घेऊन आली होती. चार वर्षांपूर्वी तो तीळ तिनेच पाहिला होता. दादाचं म्हणणं, उन्हात उघड्या अंगाने तीस वर्षं तलावाच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाच्या पाठीवर तीळ नसतील तर काय नक्षी असेल? पण वहिनीने ऐकलं नाही, आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ही वरात निघे.

"एवढ्याशा तिळासाठी तीन-तीन बायका मागे लागल्यात," स्टूलवर बसता बसता दादा म्हणाला. "एक बायको, एक बहीण, एक डॉक्टरीण. पोहायला शिकवताना पोरं बुडाली असती तर इतकी धावपळ झाली नसती."

"हलू नको."

"हललो नाही. बोललो."

"बोललास की फरा हलतो."

"वन्सं, यांच्या तोंडावर पण एक चिकटपट्टी मारा," वहिनी कोपऱ्यातून म्हणाली. वन्सं हा शब्द ती चिडवायलाच वापरे. एरवी दोघींचं मैत्रिणींसारखं होतं, फक्त अहोजाहो काही सुटलं नव्हतं.

जुन्याने फोटो झाला. मग नवा कॅमेरा त्याच स्टँडवर, तीच काठी, तेच दिवे.

"दोनदा का?" दादाने विचारलं.

"नवा घ्यायचा की नाही ते ठरवायचंय."

"माझी पाठ कॅमेऱ्याच्या परीक्षेला बसवलीस म्हणजे. पास झालो तर सांग."

दोघं वर कॅन्टीनला गेले. डॉक्टरांची वेळ अकराची होती.

सवयीप्रमाणे तिने आधी जुन्याचा फोटो उघडला. चार वर्षांत सोळा, हा सतरावा. सतराही फोटो पडद्यावर एका ओळीत लावले तर एकच फोटो सतरा वेळा छापल्यासारखे दिसत. याचा तिला अभिमान होता, आणि तो रास्त होता. असं काम करणारे फार नसतात. तीळ सहा मिलिमीटर, पट्टीवर मोजून. तपकिरी, वरची कड जास्त गडद. गेल्या वेळी सहा, त्याआधी सहा.

मग नव्याचा उघडला. सहा मिलिमीटर. तपकिरी, वरची कड जास्त गडद. आणि त्या गडद भागाच्या आत नखाच्या चंद्रासारखी निळसर राखाडी कोर.

निळसर राखाडी हा रंग तिळात चांगला नाही, हे त्या विभागातल्या झाडूवाल्या मावशींनाही माहीत होतं.

तिने पहिल्यांदा कॅमेऱ्यावर शंका घेतली. चमक पडली असेल. ती जिना चढून कॅन्टीनला गेली आणि अर्धा चहा तसाच सोडायला लावून दादाला खाली घेऊन आली. वहिनी मागोमाग. तिने एक दिवा विझवून फोटो काढला, मग दुसरा विझवून. कोर जागच्या जागी. लेन्स पुसली. कोर जागच्या जागी.

मग तिने एक गोष्ट केली, जी नऊ वर्षांत केली नव्हती. जुना कॅमेरा पुन्हा स्टँडवर चढवला आणि वरच्या चकतीवरची चिकटपट्टी नखाने सोलली. उजेड दोन पायऱ्यांनी जास्त घेतला. फोटोत कातडी पांढरीफटक पडली, पट्टीवरचे आकडे पुसट झाले. असा फोटो कोणाला दाखवायची लाज वाटावी. पण त्या गडद कडेच्या आत, पुसट, दाणेदार, तीच कोर होती.

म्हणजे जुना कॅमेरा आंधळा नव्हता. जरा जास्त उजेड दिला असता तर त्यालाही दिसलं असतं. तिने तो दिला नव्हता, कारण काहीही बदलायचं नाही असं ठरलं होतं.

ती खुर्चीत बसली. सोळा जुने फोटो एकेक उघडून संगणकावर उजळवून पाहू लागली. गडद भाग उजळवला की त्याचे चौकोन चौकोन होऊन जात. जागा वाचावी म्हणून ते फोटो पहिल्यापासून दाबून साठवले जात, आणि दाबताना सगळ्यात आधी काळ्याच्या आतलं काळं फेकून दिलं जातं. अकराव्यात तिला कोर दिसली. पुन्हा पाहिलं, नाही दिसली. नवव्यात काहीतरी राखाडी होतं. तिसऱ्यातही होतं. मग तिने दुसऱ्याच एका रुग्णाचा, खात्रीने निरुपद्रवी ठरलेला तीळ तसाच उजळवून पाहिला. त्यातही राखाडी चौकोन होते.

"काय झालं?" दादाने विचारलं. तो शर्ट हातात घेऊन उघडाच उभा होता.

"नव्या फोटोत एक वेगळा रंग दिसतोय. आत."

"म्हणजे?"

"म्हणजे डॉक्टर बघतील."

"तुला काय वाटतं ते विचारतोय."

"मला काही वाटून उपयोग नाही, दादा."

त्याने शर्टाची उलटी झालेली बाही सरळ केली. मग अगदी साधेपणाने, तलावाची खोली विचारावी तसं, त्याने विचारलं, "हे आत्ता आलं, की आधीपासून होतं?"

या प्रश्नाची दोन उत्तरं होती. आत्ता आलं, हे एक. ते दिलं असतं तर कोणीही खोटं ठरवू शकलं नसतं. सतरा फोटो तिच्या बाजूने होते. चार वाजता कागदावर "आवश्यक नाही" किंवा "आवश्यक", काहीही लिहिलं असतं तरी त्याचा दादाच्या पाठीशी संबंध कोणी लावला नसता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "या कॅमेऱ्यात ते दिसतच नव्हतं. दिसेल असं मी कधी करून पाहिलं नाही."

वहिनीने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुम्हीच सांगायचात ना," ती म्हणाली, "जसंच्या तसं आहे म्हणून? मी दर वेळी विचारायचे. जिना उतरता उतरता विचारायचे. तुम्ही म्हणायचात, वहिनी, जसंच्या तसं."

"फोटो जसेच्या तसे होते."

"मी फोटोचं विचारत नव्हते."

"अगं, तिने काय मुद्दाम..." दादा म्हणाला.

"तुम्ही शर्ट घाला."

दादाने शर्ट घातला. बटणं एक सोडून एक लागली. कोणी सांगितलं नाही.

जाता जाता वहिनी दारात थांबली. "तो भुतासारखा फोटो आठवतो?" तिने विचारलं. "दोन वर्षं झाली असतील. माझ्या पर्सचा बंद कॅमेऱ्यात अडकला आणि वरची ती चकती फिरली. यांची पाठ पांढरीधोप आली. आपण केवढ्या हसलो होतो. आत्ता तुम्ही काढलात तसाच होता."

तिला आठवत होता. तारीखही आठवत होती, कारण त्या दिवशी तिने चकतीवर पहिल्यांदा चिकटपट्टी मारली.

"तो कुठेय?"

"पुसला."

"कधी?"

"तेव्हाच. चुकलेला फोटो त्याच मिनिटाला पुसायचा असतो, म्हणजे मालिकेत घोळ होत नाही."

"असतो," वहिनी म्हणाली आणि निघून गेली.

तो फोटो कॅमेऱ्याच्या ओरखडे पडलेल्या पडद्यावर साधारण चार सेकंद होता. त्या चार सेकंदांत ती तिळाकडे पाहत नव्हती. ती पट्टीवरचे आकडे वाचता येतात का ते पाहत होती. वाचता येत नव्हते, म्हणून पुसला. कार्ड तर दर शनिवारी कोरं केलं जाई. त्यावर शंभर थर चढून गेले होते.

अकरा वाजता मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो पाहिले, मग भिंग लावून पाठ पाहिली. दहा सेकंदही लागले नाहीत.

"काढून टाकू. उद्या सकाळी. तासाचं काम आहे, त्यांना घाबरवू नका," त्या म्हणाल्या. मग फाइल मागे उलटत गेल्या. तिथे त्यांच्याच अक्षरात ओळीने लिहिलेलं होतं: बदल नाही. बदल नाही. बदल नाही.

"मीही बघितलंच होतं की भिंगातून," त्या म्हणाल्या. "पण बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. मी आधी तुमचे दोन फोटो शेजारी ठेवते. ते सारखे दिसले की भिंग नुसतं टेकवते. बदल नाही लिहिलं. कशाच्या तुलनेत? तुमच्या फोटोच्या."

"तुकडा तपासल्यावर कळेल ना, कधीपासून आहे ते?"

"काय आहे ते कळेल. किती खोल गेलंय ते कळेल. कधीपासून, ते नाही कळत. कातडीवर तारीख नसते, पट्टीबाई."

कागद टेबलावर होता. तीन वाजेपर्यंत ती त्याच्याकडे फिरकली नाही. तीनला आणखी एक रुग्ण येऊन गेला, एक शिंपीण, मानेवर तीळ, बावीस फोटो. पट्टीबाईने नियमाप्रमाणे जुन्याने एक काढला, मग चकती फिरवून एक पांढराफटक काढला, मग नव्याने एक. तिन्हींत काही नव्हतं. शिंपीण म्हणाली, "आज तीन-तीन? लग्न ठरलंय की काय माझं?"

ती गेल्यावर पट्टीबाईने कपाट उघडलं. चालू फाइली मोजल्या. दोनशे अकरा. प्रत्येकीत तशाच गडद कडा, तसाच उजेड, तीच सफाई.

साडेतीनला भांडारपालाचा फोन. "काय ठरलं? समाधानकारक आहे, तुलनेत खंड पडेल, हेच ना? मी टाईप करूनच ठेवतो, तुम्ही फक्त सही करा."

"थांबा. या वेळी वेगळं आहे."

"अरे वा. सूर्य कुठून उगवला आज?"

तिने विचार केला तो असा. "आवश्यक" लिहिलं तर कारण लिहावं लागणार. खरं कारण लिहिलं तर मागच्या दोन वर्षांचे तिच्याच सहीचे कागद खोटे पडणार. खरं कारण न लिहिता, रबर सुटलं, झाकण तुटलं, असं लिहिता आलं असतं. तेही खरंच होतं. कागद मंजूर झाला असता, नवा कॅमेरा आला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण मग दोनशे अकरा माणसांना तारखेआधी परत का बोलवायचं, ते कोणाला सांगता आलं नसतं. पिन लावलेल्या झाकणासाठी कोणी दोनशे अकरा माणसं बोलवत नाही.

आणि आणखी एक अडचण होती, जी कागदावर मावणारी नव्हती. नवा कॅमेरा आवश्यक होता का, हे तिला अजूनही ठरवता येत नव्हतं. चकती फिरवली असती तर जुन्यानेही काम केलं असतं. कॅमेऱ्याला दोष देणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं.

चारला दहा कमी असताना तिने "आवश्यक"पुढे खूण केली आणि दोन ओळींत लिहिलं: सध्याच्या पद्धतीत तिळाच्या गडद भागातले तपशील नोंदले जात नाहीत. हे मागील दोन्ही वर्षीही नोंदले जात नव्हते. तेव्हा मी तपासून पाहिले नाही.

सही केली आणि स्वतः जाऊन कागद देऊन आली. भांडारपालाने वाचला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा वाचला.

"ही पुढची दोन वाक्यं कशाला? पहिल्यावर काम होतंय की."

"असू दे."

"अहो, उचलली लेखणी नि लावली कागदाला असं करू नका. हे वरपर्यंत जातं."

"जाऊ दे."

शुक्रवारी सकाळी दादाच्या पाठीवरचा तीळ भोवतालच्या कातडीसकट काढला. पाच टाके. तुकडा बाटलीत घालून तपासणीला गेला. काढायच्या आधी डॉक्टरांनी तिला शेवटचा फोटो काढायला बोलावलं होतं. तिने दोन्ही कॅमेऱ्यांनी काढला. दादा पालथा झोपला होता, तोंड उशीत.

"परीक्षेचा निकाल सांगितला नाहीस," तो उशीतून म्हणाला. "कुठला कॅमेरा पास?"

"हलू नको."

"बरं."

या वेळी तो खरोखर हलला नाही, आणि तिला ते बरं वाटलं नाही.

बाहेर बाकावर वहिनी बसली होती. पट्टीबाई तिच्या शेजारी जाऊन बसली. मध्ये एका माणसाची जागा राहिली. वहिनी म्हणाली, "काल रात्री मी मोबाइलमधले सगळे फोटो काढून बघितले. तलावावरचे. पाठ दिसतेय असे सहा आहेत. मोठं केलं की नुसता डाग दिसतो."

"मला पाठवा."

"तुम्हाला काही दिसेल?"

"नाही दिसणार. तरी पाठवा."

वहिनीने तिथेच बसून एकेक करून सहा फोटो पाठवले. सहा वेळा पट्टीबाईच्या खिशातला फोन वाजला.

शनिवारी विक्रेता आला आणि नवा कॅमेरा खोक्यात घालून घेऊन गेला. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. त्याला तो दुसरीकडे दाखवायचा होता. त्याने निकाल विचारला. ती म्हणाली, कागद दिलाय. जाताना त्याने बॅटरीच्या झाकणाकडे पाहिलं, बॅगेतून एक जुनं, त्याच जातीचं झाकण काढलं आणि टेबलावर ठेवून गेला. ते बसलं. पिन तिने केसात खोचली.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांची परवानगी घेऊन तिने फोन करायला सुरुवात केली. कोणाला काय सांगायचं ते तिने आधी लिहून काढलं होतं: घाबरण्यासारखं काही नाही, आमची फोटो काढायची पद्धत थोडी बदलली आहे, एकदा येऊन जा. पहिल्या दिवशी एकतीस लागले. चौघांनी विचारलं, आत्तापर्यंतची पद्धत चुकीची होती का. चौघांनाही तिने "अपुरी होती" असं सांगितलं. एकाने फोन आपटला. एका आजोबांनी सांगितलं की त्यांचा तीळ त्यांनी कधीच दुसरीकडे काढून घेतला, पण तिला वाईट वाटेल म्हणून ते दर तीन महिन्यांनी येतात आणि शेजारचा दाखवतात.

मंगळवारी भांडाराकडून कागद परत आला. मंजूर नाही, नामंजूर नाही. वरच्या कार्यालयाचा शेरा: मागील दोन वर्षांच्या अभिप्रायाशी विसंगत. संबंधितांनी लेखी खुलासा सादर करावा. भांडारपालाने खाली पेन्सिलीने, पुसता येईल असं, लिहिलं होतं: सांगितलं होतं. तरी काही लागलं तर फोन करा.

खुलाशाचा कागद तिने मंगळवारी दुपारी घेतला. त्यावर तारीख आणि विषय एवढंच लिहून झालं आहे.

दादा तलावावर जायला लागला आहे. टाके निघेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, म्हणून काठावर खुर्ची टाकून शिट्टी वाजवतो. अंगात शर्ट असतो. तीस वर्षांत शिकणाऱ्यांनी त्याला शर्टात पाहिलेलं नव्हतं, आणि पहिल्या दिवशी दोघांनी त्याला ओळखलंच नाही, असं तो फोनवर सांगत होता. वहिनी मागून म्हणाली, अहवालाचं विचारा. त्याने विचारलं नाही. फोन ठेवला.

बुधवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी बोलावलेल्यांपैकी चौदावा माणूस स्टूलवर बसला. बसचालक, दंडावर तीळ. पट्टीबाईने पट्टी चिकटवली, काठीने साठ सेंटिमीटर मोजले आणि जुन्या कॅमेऱ्याने एक फोटो काढला. मग चकती फिरवून दुसरा काढला, पांढराफटक. पडद्यावर आकडे वाचता येत नव्हते. तिने तो पुसला नाही.

अहवाल अजून आलेला नाही.